काकवीतला छर्रा

आमच्या निफाडच्या घरी दिवेलागण झाली की ताई मला भिंतीकडे तोंड करून बसवायची. "मीट डोळे. बोटांतून बघायचं नाही, नंदे." माझ्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, सरबताच्या तीन उंच बाटल्या ओळीने उभ्या असत. एकीत पाणी, दुसरीत एरंडेल, तिसरीत काकवी. सायकलच्या दुकानातून मागून आणलेला एक पोलादी छर्रा ताई त्यांपैकी एकीत सोडायची आणि विचारायची, "कुठली?" पाणी ओळखायला अक्कल लागत नसे. छर्रा बोटांतून सुटतो न सुटतो तोच तळाच्या काचेवर टिक. एरंडेलात मधे एक श्वास घ्यायला फुरसत मिळे आणि मग येणारा आवाज जरा दबका असे. काकवीचा आवाज मात्र यायचाच नाही. छर्रा इतका सावकाश उतरे, की तळाला टेकला तरी टेकल्याचं कळू नये. म्हणून काकवी ओळखायची ती नुसती वाट बघून. मी उतावळी. जरा शांतता झाली की "काकवी!" म्हणून ओरडायची, आणि वळून पाहावं तर छर्रा अजून ताईच्याच मुठीत. मग ती पोट धरून हसायची. खेळ संपला की एका मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक बाटलीच्या बाहेरून वर वर सरकवत नेऊन छर्रा तोंडाशी आणायचा, ते काम माझं. काकवीतून तो वर आणताना चुंबक जरा भरभर सरकवलं की छर्रा मागेच राहायचा आणि पुन्हा तळाकडे निघायचा. "घाई केलीस की ती जास्त अडवते," ताई म्हणायची. "हळू ने, हळू येईल."

ताई म्हणजे शैला, माझी सख्खी मोठी बहीण. ती नाशिकच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय पदार्थविज्ञान. रोज पहाटेच्या एसटीने जायची आणि संध्याकाळी यायची. मी शाळेत. घरात आम्ही चौघंच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, बाजार समितीत नोकरीला होते आणि त्यांच्या सदऱ्याला बारा महिने कांद्याचा वास यायचा. आई घरातली. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, मागे मोरी आणि मोरीपलीकडे सडक. हिवाळ्यात त्या सडकेने उसाच्या बैलगाड्या जायच्या. वंगण संपलेलं चाक लांबूनच कुरकुरत यायचं आणि ताई हातातलं पुस्तक ठेवून म्हणायची, "ऐक. दोन लोखंडांच्या मधे तेलाचा थर नाहीये, म्हणून रडतंय." निफाडची थंडी आमच्याकडे सगळ्या जिल्ह्यात बदनाम. सकाळी खोबरेलाची बाटली पांढरी दगड होऊन बसे, आई ती चुलीच्या वैलावर ठेवी, आणि धुराचा, ओल्या उसाच्या चिपाडांचा आणि तापल्या खोबरेलाचा मिळून एक वास घरभर फिरे. आता मी नाशकात गंगापूर रोडला ज्या फ्लॅटमध्ये राहते, तिथे खोबरेल गोठतं ते प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणि ते मी गरम पाण्याच्या मगात बुडवून ठेवते. तेल तेच आहे. पण वासाचं काही जमत नाही.

ताईला शिकवायचं वेड होतं. दिवसभर कॉलेजात जे ऐकलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नसे, आणि घरात पळून जाण्याइतके पाय लांब नसलेली मी एकटीच होते. तिचा त्या वर्षीचा लाडका धडा म्हणजे श्यानता. इंग्रजी पुस्तकातली व्हिस्कॉसिटी. दिवाळीतला पत्त्यांचा कॅट तिने जमिनीवर ठेवला आणि वरच्या पत्त्यावर माझा तळवा ठेवून पुढे सरकवला. सगळा कॅट तिरका झाला. वरचा पत्ता सर्वांत पुढे, त्याखालचा जरा मागे, त्याखालचा आणखी मागे, आणि तळाचा जिथल्या तिथे. "द्रव असाच असतो," ती म्हणाली. "थरावर थर. तुझ्या हाताला टेकलेला थर हाताबरोबर पळतो. जमिनीला टेकलेला हलत नाही. मधल्यांची फरफट. प्रत्येक जण वरच्याकडून पुढे ओढला जातो आणि खालच्याकडून मागे. या ओढाताणीत जो द्रव जास्त हट्ट करतो, त्याची श्यानता जास्त."

एवढ्यावर ती थांबली असती तर आईची बोलणी वाचली असती. पण तिने देव्हाऱ्यातल्या दोन तसबिरींच्या काचा काढल्या, एक जमिनीवर ठेवली, तिच्यावर चमचाभर पाणी सांडलं, वर दुसरी ठेवली आणि मला म्हणाली, सरकव. सुळकन सरकली. मग एरंडेल. आता जोर लागला. मग काकवी, आणि काच सरकताना माझं मनगट दुखलं. "हा जो जोर तू लावलास ना, तो काचेच्या पसरटपणावर वाटून टाक. प्रत्येक इंचाच्या चौकोनाला किती आला? त्याला म्हणतात कर्तन प्रतिबल. नावाला घाबरू नकोस. कर्तन म्हणजे कातरणं. कात्रीची दोन पाती एकमेकींवरून कशी जातात, तसे थर एकमेकांवरून जातात, म्हणून ते नाव." दुप्पट भरभर सरकवायचं तर दुप्पट जोर. काचांमधला थर निम्म्याने पातळ केला तरी दुप्पट जोर, कारण तेवढाच वेगातला फरक आता थोडक्या जागेत कोंबायचा. त्या प्रतिबलाला, दर इंचागणिक वेग किती बदलतो त्याने भागलं, की उरते ती श्यानता. पाणी, तेल, काकवी यांच्याबाबत हा भागाकार कितीही जोरात ढकललं तरी बदलत नाही. "म्हणून हे साधे द्रव," ताई म्हणाली. "सरळ स्वभावाचे." तेवढ्यात आई मागे येऊन उभी होती आणि तिचा स्वभाव त्या वेळी सरळ नव्हता. "देवाच्या काचा! अन् त्याबी काकवीत! शैले, लग्न होऊन जाशील तिथंबी असंच करणार का?"

मला वाटायचं जे जड ते चिकट. ताईने पाण्यात एरंडेल ओतून दाखवलं. तेल वर तरंगलं. म्हणजे वजनाला पाण्याहून हलकं, पण छर्ऱ्याला पाण्याहून जास्त अडवणारं. दोन्ही गोष्टी वेगळ्या. गोठलेलं खोबरेल दाखवून मी विचारलं, ही श्यानता का? ती म्हणाली, नाही, तो द्रवच राहिला नाही आता. श्यानता बघायची तर थंडीत काकवी बघ, ती गोठत नाही, फक्त आळसावते, आणि ऊब मिळाली की पाण्यासारखी पळते. मग मला सुचलं म्हणून मी विचारलं, "आणि कुरडयांचा चीक गं?" चैत्रात आई गहू भिजवून त्याचा चीक शिजवायची. गोळा नुसता ठेवला की ताठ बसे आणि पळीने घोटायला लागलं की ढिला पडे. ताई डोळे मोठे करून म्हणाली, "तो साधा नाही. त्याचा हट्ट ढवळण्याच्या वेगाप्रमाणे बदलतो. सर म्हणाले, ते एम.एस्सी.ला. पुण्याला गेले की आधी तुझा चीक शिकून येते." त्या दिवसापासून आमच्या घरात पुणे म्हणजे चीक असं समीकरण झालं. पेठेतल्या खोल्या, विद्यापीठाची झाडं, सगळं तिने मैत्रिणींकडून ऐकलेलं, पण मला ती असं सांगायची जणू कालच तिकडून परतली आहे.

रविवारी आम्ही दोघी द्राक्षबागांच्या कडेने जाणाऱ्या पाटावर धुणं घेऊन जायचो. धुणं वाळत पडलं की ताई मूठभर निंबाची पानं पाटात आडवी भिरकवायची. मधली पानं धूम पळत, कडेची रेंगाळत, आणि काठाच्या सिमिटाला अगदी लागून पडलेलं पान तिथेच अडकून राही. "बघ, कॅटच आहे. फक्त उभा केलाय." मी मधल्या पानाच्या बाजूने काठाकाठाने पळत जायची, धाप लागेपर्यंत, आणि परत यायची तर ताई कडेच्या पानाजवळ उकिडवी बसलेली. का कोण जाणे, तिला ते न हलणारं पानच जास्त आवडायचं. आज या वयात मला सगळ्यांत जास्त काय हवं असेल तर ती ओली हिरवी परकराची किनार आणि पाटाच्या काठी बसलेली तिची पाठ. दुसरं काही नको.

मार्गशीर्षात अण्णांनी विषय काढला. जेवणं चालली होती. गोदाकाठच्या, सायखेड्याच्या पलीकडच्या गावातलं स्थळ. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, मुलगा एकटा, वडील नाहीत.

"मला एम.एस्सी. करायचंय, अण्णा," ताई म्हणाली.

"माहीत हाय मला." अण्णा भाकरी मोडत राहिले. "म्हणून तर सांगतो. हे एक स्थळ दाखवून घे. मी शब्द दिलाय. त्यांनी नाय म्हटलं तर मी परत लग्नाचं नाव काढणार नाय. तू जा पुण्याला, शिक काय शिकायचं ते. पण हो म्हटलं, तर वैशाखात बार उडवून देऊ."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

अण्णांनी आईकडे पाहिलं, आईने ताटाकडे. आमच्याकडे मुलीने नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हणायचं असेल तर ते समोरच्यांकडूनच वदवून घ्यावं लागे. अण्णा वाईट नव्हते. उलट आमच्या गल्लीत एवढं तरी कबूल करणारा बाप दुसरा नव्हता. पण त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बेत ताईचाच. मोरीवर भांडी घासताना तिने मला सांगितला. "मी त्यांना श्यानता शिकवणार."

"म्हणजे?"

"अगं, मी शिकवायला लागले की काय होतं घरात?"

खरंच होतं ते. ताईने 'समज, एक भांडं आहे' असं म्हटलं की अण्णांना समितीत काम निघायचं, आई परात घेऊन अंगणात जायची, शेजारच्या काकू दुधाचं भांडं न घेताच परतायच्या. "पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी म्हणेन. चढ नाही, उतार नाही. पोरगी डोक्याने अधू आहे म्हणतील आणि उठून जातील." आम्ही दोघी इतक्या हसलो, की आईने आतून विचारलं काय झालं. त्या आठवड्यात मला कसलीच काळजी नव्हती. ताईचं कंटाळवाणं बोलणं हा आमच्या घरातला सर्वांत खात्रीचा उपाय होता.

ते लोक आले त्या सकाळी अशी थंडी होती की अंगणातल्या बादलीला हात लावायचा धीर होईना. मुलगा, त्याची आई आणि मामा. मुलगा उंच, सावळा, नवीन स्वेटर टोचत असल्यासारखा मान हलवत बसलेला. नाव दत्तात्रय. त्याच्या आईने पदराखालून एक ॲल्युमिनियमची किटली काढून आमच्या आईच्या हातात दिली. "घरची काकवी हाय. परवाच काहिलीतनं काढलेली." आईने कौतुकाने लगेच गव्हाची धिरडी वाढली आणि वर काकवी घालायला किटली वाकडी केली. काही पडेना. आणखी वाकडी केली. तोंडाशी एक तपकिरी जीभ आली आणि तिथेच थांबली. "लाजतीया आमची काकवी," मामा म्हणाले आणि सगळे हसले. कशीबशी प्रत्येकाच्या ताटलीत थोडी थोडी पडली. मग मामांनी ताईला विचारलं, "काय शिकतीस बाळ?"

मी आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. ताईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून सुरू केलं. "श्यानता. द्रवाच्या एकमेकांलगतच्या थरांमधील सापेक्ष गतीस होणारा अंतर्गत विरोध म्हणजे श्यानता होय. साध्या द्रवात कर्तन प्रतिबल हे वेगाच्या प्रवणतेशी समप्रमाणात असते." आवाज असा सपाट, की मला कौतुक वाटलं. मामांनी जांभई दाबली. अण्णा चुळबुळू लागले. मुलाच्या आईचं तोंड हसरं राहिलं, पण नजर आमच्या पत्र्याकडे गेली. ताई पुढे बोलतच होती, होय आणि असते, होय आणि असते. माझ्या डोळ्यांपुढे पुण्याची गाडी निफाडातून सुटली होती आणि ताई खिडकीत बसली होती.

मुलगा इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. तो ताटली वाकडी करून काकवी कशी उतरते ते बघत होता. बघता बघता म्हणाला, "एक इचारू का?"

ताई थांबली.

"गूळ साच्यात वततो ना आम्ही, तवा पाक मधनं पळतो. पण कडंचा, भांड्याला लागून असतो, तो जागचा हलत नाय. आता हितं ताटलीतबी तसंच हाय. वरची काकवी पुढं चालली, खालची चिकटून हाय. मला लहानपणापासनं वाटतं, ह्यो खालचा का हलत नाय? अन् तो जर हलतच नाय, तर वरचा कशाच्या जोरावर पळतो?"

त्याने ते थट्टेने विचारलं नव्हतं. मुलीची परीक्षा घ्यायला तर मुळीच नाही. त्याला खरंच हवं होतं ते. मी ताईकडे पाहिलं. तिची मान वर झाली होती. पाटाच्या काठी बसल्यावर व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता.

"नंदे," ती म्हणाली, "पत्ते आण."

"पत्ते नाहीत घरात," मी म्हणाले.

"कोनाड्यात आहेत. बाटल्यांच्या मागे."

मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढे पत्त्यांचा कॅट! अण्णांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आलेला मी पाहिला. मी पत्ते आणले, दुसरं काय करणार. ताईने ते लाकडी पाटावर ठेवले आणि मुलाचा हात धरता येईना म्हणून त्याच्या आईचा हात धरून वरच्या पत्त्यावर ठेवला. आता ती होय आणि असते म्हणत नव्हती. "खालचा भांड्याला धरून बसलाय, त्याचे कण भांड्याच्या कणांना इतके जवळ आहेत की ते सोडत नाहीत. त्याच्यावरचा त्याच्यावरून जरासाच घसरतो. त्याच्यावरचा त्याहून थोडा जास्त. वरच्याला बळ वेगळं कुणी देत नाही. ताटली वाकडी केली की प्रत्येक थराला त्याच्याच वजनाची ओढ असते. पण वरच्याची वाट खालच्यांनी थोडी थोडी करून दिलेली असते. एकट्या वरच्याला तेवढं पळता आलं नसतं." मग तिने आईकडून कढत पाण्याचं पातेलं मागवलं, किटली त्यात उभी केली, आणि सगळे त्या किटलीकडे बघत बसले. मामांची झोप उडाली होती. थोड्या वेळाने ताईने किटली उचलून वाकडी केली. काकवीची बारीक, चमकती, न तुटणारी धार धिरड्यावर पडली आणि तिथे तिची वेटोळी झाली. "ऊब मिळाली की थरांचा हट्ट कमी होतो," ताई म्हणाली. मुलगा हसला. तो हसल्यावर ताईही हसली, आणि मी दारातून आत निघून गेले.

त्यांनी घरी जाऊन निरोप पाठवण्याची रीतसुद्धा पाळली नाही. मुलाच्या आईने तिथेच ताईची हनुवटी धरली. "पोरगी बोलती लय ग्वाड. आमच्या घरात मालक गेल्यापासनं कुणी बोलतच नाय बघा. ह्यो असा मुका, अन् मी अशी." अण्णांनी नारळ शोधायला सुरुवात केली.

दुपारी मोरीवर ताटल्या घासताना मी ताईशी बोलत नव्हते. तीच म्हणाली, "नंदे, चिडू नकोस."

"कंटाळवाणं सांगायचं ठरलं होतं."

"सांगत होते की. छान चाललं होतं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं." ती ताटलीच्या तळाला चिकटलेली काकवी नखाने खरवडत होती. थंड पाण्याने ती निघत नव्हती. "इतकं नीट विचारलं गं. मी जुळवत होते मनात, काहीतरी वेडंवाकडं सांगावं, माहीत नाही म्हणावं. पण मला वाईट समजावता येईना. येतच नाही मला ते." एवढं बोलून ती रडायला लागली, हात काकवीने माखलेले, डोळे पुसायलाही येईनात. मी माझ्या परकराने तिचे डोळे पुसले आणि मग मीही रडले. तिला तो आवडला होता की पुणं गेलं म्हणून ती रडत होती, हे तेव्हा मला कळलं नाही. पुढे आयुष्यभर कितीदा तरी विचारायचं मनात आलं आणि राहून गेलं.

वैशाखात बार उडाला. जाताना ताईने बाटल्या कोनाड्यातच ठेवल्या आणि छर्रा माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. ती गेल्यावर बरेच दिवस मी दिवेलागणीला भिंतीकडे तोंड करून बसत होते. मग एकदा धीर करून स्वतःच डोळे मिटले, मागे हात करून चाचपडत छर्रा एका बाटलीत सोडला. टिक. पण मला आधीच ठाऊक होतं ते पाणी आहे म्हणून. माझाच हात, मीच बाटली निवडलेली. स्वतः टाकलं की ओळखायचं काही उरतच नाही. हे माझ्या लक्षात आलं आणि मी तो खेळ बंद केला. आईने काकवीची बाटली धुऊन तीत रॉकेल भरलं.

अण्णांनी ताईला दिलेला पुण्याचा शब्द पुढे माझ्या वाट्याला आला. मी एम.एस्सी. केलं, नाशकात ज्युनिअर कॉलेजात शिकवत निवृत्त झाले, आणि दर वर्षी हा धडा आला की वर्गात पत्त्यांचा कॅट काढत राहिले. पोरं खुश व्हायची. पुण्याच्या पहिल्याच वर्षी मी चीक शिकले. सुट्टीत तशीच एसटीने ताईकडे गेले. गुऱ्हाळ चालू होतं. ती चिपाडांच्या ढिगावर बसली, मांडीवर धाकटा मुलगा, आणि मी सांगू लागले. पिठाचे फुगलेले कण एकमेकांत गुंतून बसतात, ढवळलं की ती गुंतवळ सुटते, म्हणून चीक ढिला पडतो, आणि थांबलं की पुन्हा धरतो. ताईने डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "थांबल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होतो? अगदी पहिल्यासारखा?"

"बराचसा होतो," मी म्हणाले. "अगदी नाही."

"हं," ती म्हणाली, आणि मुलाला कडेवर घेऊन चहा ठेवायला उठली. ती सुखात होती. मोठमोठ्याने हसायची, सासूशी तिचं फार जमलं, गुऱ्हाळावर येणाऱ्या प्रत्येकाला बसवून काही ना काही समजावायची. पण जमिनीला टेकलेल्या थराबद्दल मी वर्गात बोलायला लागले की माझ्या डोळ्यांपुढे पाटाच्या काठी अडकलेलं पान येई, आणि खडू हातात तसाच राहून जाई.

ताई जाऊन आता काही वर्षं झाली. दाजी, म्हणजे तिचे यजमान, अजूनही थंडीत नातवाच्या गाडीतून मला काकवी घेऊन येतात. पूर्वी किटली असायची, आता काचेची बाटली. येतात, चहा घेतात, फारसं बोलत नाहीत. मी शिक्षिका म्हणून मला चेष्टेने मॅडम म्हणतात. या वर्षी आले तेव्हा चहा झाल्यावर ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं पाणी हवं असेल. आतून भांड्यांचा आवाज आला. मग त्यांचा.

"मॅडम, भिंतीकडं तोंड करा."

मी जागची हलले नाही. हा खेळ मी त्यांना कधी सांगितला नव्हता. त्यांनी दारातून डोकावून तळहात पुढे केला. त्यावर एक पोलादी छर्रा होता. माझा नव्हे. माझा माझ्या कपाटात आहे.

"तिनं आणला व्हता, लग्नानंतर आठ दिसांनी," दाजी म्हणाले. "हिवाळ्यात संध्याकाळी बसवायची मला. म्हातारा झालो तरी बसवायची. आता टाकणारं कुणी नाय. स्वतः टाकून बघितला, पण त्यात काय मजा येत नाय."

मग त्यांनी पाण्याची, तेलाची आणि काकवीची अशा तीन बाटल्या आणून टेबलावर मांडल्या. मी खुर्ची वळवली. भिंतीकडे तोंड केलं. डोळे मिटले. मागे बाटल्या सरकवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. मी श्वास धरून बसले. टिक नाही. दबका आवाजही नाही. बाहेर गंगापूर रोडची रहदारी, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, आणि माझ्या पाठीमागे ती ओळखीची, लांबत जाणारी शांतता. छर्रा उतरत होता, किंवा अजून मुठीतच होता आणि कुणी तरी हसू दाबून उभं होतं.

"कंची?" दाजींनी विचारलं.

मला ठाऊक होतं. पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं.

"नाही ओळखता आलं," मी म्हणाले. "पुन्हा टाका."